जुलैची रेघ

ओउलूच्या शाळेबाहेर दोनशे चाळीस सायकली उभ्या असतात,
उणे अठरा असलं तरी.
मी मोजतो. मोजण्याचा पगार नाही.
पगार बर्फ ओढण्याचा, बल्ब बदलण्याचा,
पहिलीतल्या कुणी उलटी केली तर पुसण्याचा.

दोनशे एकोणचाळीस उभ्या. एक आडवी.
रोज तीच, निळी,
मडगार्डवर अर्धा सोललेला हत्तीचा स्टिकर.
सव्वाआठला उभी केलेली, नऊच्या आत झोपलेली,
हँडल बर्फात खुपसून,
जणू तिथं काहीतरी पडलंय तिचं.

उचलली, झटकली, उभी केली.
चौथ्या दिवशी माणूस उचलणं थांबवतो
आणि वाकून बघतो.

गुडघे कुरकुरले. त्यांचं ते नेहमीचंच.
टायर हिवाळ्याचे, जाड, खिळेवाले.
म्हणजे सायकल बोटभर उंच झालेली
आणि स्टँडचा पाय मात्र जुन्याच मापाचा.
म्हणून एवढी कलायची.
त्यात डाव्या हँडलला स्केट्सची पिशवी,
आणि स्टँडखाली भुसभुशीत बर्फ.
इतकं सगळं डावीकडे असल्यावर
कोण उभं राहील?

खिशातून षटकोनी किल्ली काढली,
स्क्रूला लावली, तोच मागून:
"नको."

पिह्ला. चौथीतली. टोपी भुवयांवर, नाक लाल.
"ते ओत्सोचं माप आहे."

ओत्सो थोरला. जुलैत कायानीला गेला,
सैन्यातलं सक्तीचं वर्ष करायला.
जायच्या सकाळी अंगणात उकिडवा बसला,
स्टँड नीट लावला,
आणि कर्कटकाच्या टोकानं पायावर रेघ ओढली:
इथून हलवायचं नाही.

मी रेघ पाहिली. नळीच्या काठाशी,
अर्धी आत, अर्धी बाहेर.
सरळसुद्धा नव्हती. घाईची रेघ.
"जुलैत टायर कुठले होते?" विचारलं.
तिनं बराच वेळ पायाच्या टोकानं बर्फ उकरला.
"बारीक."
मी काही बोललो नाही.
हातमोजा काढला तर किल्ली बोटाला चिकटते,
घातला तर स्क्रू सापडत नाही,
त्यामुळे बोलायला सवड नव्हतीच.

"थोडंच," ती म्हणाली.

थोडंच सरकवायचं होतं. मी दोन बोटं सरकवलं.
तैस्तो, बत्तीस वर्षं शाळेत शिपाई,
आणि हात अजून उतावळे.
सायकल ताठ उभी राहिली,
परेडच्या पहिल्या दिवशी पोरं राहतात तशी,
श्वास रोखून.
"बघ," मी म्हणालो,
आणि समुद्रावरून वारा आला.

ती उजवीकडे गेली. शेजारणीवर.
शेजारीण तिच्या शेजारणीवर.
खडखडाट थेट गणिताच्या वर्गापर्यंत पोचला,
खिडकीत तोंडंच तोंडं.
एकोणीस. मोजल्या.
पिह्ला हातमोज्यात तोंड दाबून हसत होती,
मग दाबायचीही थांबली.

एकोणीस उभ्या केल्या, दोघांनी मिळून.
मग पाय आत घेतला, तांदळाच्या दाण्याएवढा,
हलवून पाहिलं, अजून एक दाणा.
ती सीट धरून राहिली, मी स्क्रू आवळला,
आधी हातानं, मग खांद्यानं.
पिशवी काढून कॅरिअरवर बांधली.
स्टँडखाली बर्फावर ठेवली
आइस हॉकीची जुनी रबरी चकती,
गॅरेजात अशा टोपलीभर आहेत,
कुणी न्यायला येत नाही.

सायकल डावीकडे झुकली. जराशीच.
बोटानं ढकलली, डुलली, परत आली.
पिह्लानं हातमोजा काढून पायावर अंगठा फिरवला.
रेघ आता नळीच्या बाहेर होती,
अख्खी, वाकडी, अर्ध्या बोटाएवढी खाली.
"आधी एवढी दिसायची नाही," ती म्हणाली.
घंटा झाली. ती पळाली, टोपी माझ्या हातात विसरून.

दुपारी पुन्हा मोजल्या. दोनशे चाळीस उभ्या.
माझी धरलेली नाही. ती भिंतीला टेकलेली असते,
तिचा स्टँड सहा वर्षांपासून गंजून बसलाय.