रकाना सात

शहाद्याच्या सायबरवर अनुदानाचा अर्ज उघडलाय.
नाव : सुमली जामसिंग पावरा, मुक्त पत्रकार.
वृत्तपत्र : साप्ताहिक 'डोंगरहाक'.
मालक आमच्यातलाच, दिवाल्या वळवी;
मोटारसायकल विकून त्यानं प्रिंटर घेतला,
तेव्हापासून आम्ही दोघं बातमीला
धडगावच्या जीपला लटकून जातो.

रकाना सात : मागील वर्षाचे मानधन.

हातपंपाच्या बातमीचं मोहाची फुलं, पिशवीभर.
रेशनच्या बातमीचं कोंबडी.
आश्रमशाळेतल्या मुलीच्या बातमीचं
तिचा बाप नुसता बघत राहिला, बराच वेळ.

इथं फक्त आकडा चालतो.
शून्य टाकते.
तांबडी अक्षरं : शून्य ग्राह्य नाही.

कॅफेवाला घड्याळ दाखवतो,
अर्ध्या तासाचे वीस झाले.

एक टाकते.
कोंबडी एकच होती.