राखेचं पाणी

तो हिरवा नव्हता. निळाही नव्हता.
चिंतामणी म्हणून पाहिलं, मोरपंखी, शेवाळी,
तांब्यावर चढतो तो कळंक.
एकेक शब्द ओढ्याकाठी नेला,
फुलाशेजारी धरला,
आणि मुकाट्यानं परत आणला.

मी तेव्हा अकरा वर्षांची.
पास्तोरा मागपान्ताय बाईंचं पाणी बदलायचं काम माझं.
दोन वाट्या:
एक कुंचला धुवायची, एक रंगात घ्यायची.
चुकलं तर बाई ओरडत नसत.
कुंचला खाली ठेवत.
त्याचीच भीती वाटे.

माकिलिंग डोंगराच्या उतारावर
तेबानमामा झाडावर चढला, कमरेला कोयता, दातांत दोरी,
आणि तायाबाकचा पुरुषभर लांब घोस
गोणपाटाच्या झोळीतून
तान्ह्यासारखा खाली सोडला.
नव्वद फुलं. मी मोजली.
प्रत्येक वाघनखासारखं, टोकाला वर वळलेलं.

बाईंनी कर्कटक लावलं. भिंग लावलं.
एक फूल चिरून पाकळ्या वेगळ्या मांडल्या.
दुपारपर्यंत नव्वद नखं कागदावर,
केसाहून बारीक रेघेत,
खाली मापाची पट्टी, पाच सेंटिमीटर.
मग त्या रंगाला बसल्या
आणि फूल काही बसेना.

तोडलेलं तायाबाक थांबत नाही.
चार वाजता निळं,
दिवेलागणीला जांभळं,
सकाळी दौत लवंडल्यासारखं.
दुसरा घोस आणला. तिसरा.
मामा म्हणाला, बाई,
ती वेल आता मला बघून आकसते.

चौथ्या रात्री आम्ही ओढ्याकाठीच बसलो.
कंदिलानं सगळं पिवळं केलं.
कंदील विझवला तर
फुलं दिसत राहिली बराच वेळ,
कागद मात्र दिसेना.
एक वटवाघूळ आलं, घोसाला उलटं लटकलं,
डोकं खुपसून प्यालं,
कपाळाला पराग माखून गेलं.
"त्याचं बरंय," बाई म्हणाल्या,
"त्याला काढायचं नसतं."

पाचव्या दिवशी आई कुचिन्ता करत होती,
तांदळाच्या उकडलेल्या वड्या.
पिठात घालायचं राखेचं पाणी बशीत निवळत ठेवलेलं.
माझ्या केसांत अडकलेलं कालचं फूल,
जांभळं, मेलेलं,
वाकले तशी त्यात पडलं.

आणि रंग परत आला.

मी बाईंना हाक मारली.
त्याआधी कधी मारली नव्हती.
त्या अनवाणी धावत आल्या,
दातांत कुंचला, हातात रंगांची थाळी,
कागद चुलीपाशी पिठाच्या पाटावर टेकवला.
सात श्वास, फार तर आठ.
मग बशीत उरला पिवळट चोथा,
आईनं नाक मुरडून फेकला.
तेवढ्यात एक नख रंगलं.
एकच.

एकोणनव्वद पेन्सिलीत राहिली ती राहिलीच.
मनिलाहून पत्र आलं: चित्र अपूर्ण,
सबब परत पाठवीत आहोत.
कागद जाड होता, बाईंनी त्यावर
पुढे वर्षभर कुंचले पुसले.

आता ते चित्र लोखंडी खणात असतं.
हातमोजे घातलेला जोमार नावाचा मुलगा म्हणाला,
आजी, पाचच मिनिटं,
उजेडानं रंग उडतो.
माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
उजवा जवळ नेला.
"रंग असाच होता का?" त्यानं विचारलं.
काय सांगणार?
तो डोंगर तिथंच आहे. ओढ्यावर मात्र
मोटारी धुतात.

एक गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते.
त्या सकाळी वाट्या कोरड्याच होत्या.
पाणी भरायचं मी विसरले होते,
आणि घाईत बाईंनी कुंचला
बशीत बुडवला, फुलाच्याच पाण्यात.

जोमारनं ते वहीत लिहून घेतलं.
मग थांबला, म्हणाला,
माध्यम या रकान्यात
जलरंग असं आहे, ते खोडू का?

असू दे, म्हटलं.
पाणीच होतं ते.