हातावरची लव

तेलावीच्या हवामान केंद्रात माझी नोकरी.
सकाळी सातला पर्जन्यमापक उघडायचा,
पारा बघायचा, वहीत आकडा लिहायचा.
त्याआधी, पाय जमिनीला लावण्याआधी,
जिभेखाली दुसरा थर्मामीटर
आणि उशीखाली दुसरी वही.
छत्तीस पूर्णांक चार. चार. तीन. चार.
मग एके सकाळी सात:
म्हणजे बीज सुटलं, काल किंवा परवा,
आणि काल आपण भांडलो होतो
गॅसच्या बिलावरून.
आमच्या खात्यात याला अंदाज म्हणत नाहीत,
नोंद म्हणतात.

चार वर्षं, मालखाझ.
प्रत्येक मेजवानीत एक पेला मुलांच्या नावाने उचलतात,
सगळे उभे राहतात,
आणि तुझी काकू माझ्या पेल्यात डोकावते:
वाइन आहे की पाणी?
वाइन असायची. मी घटाघट प्यायचे.
तुझ्या आईने मठातलं तेल आणलं, बाटलीभर,
झोपताना बेंबीला लावायला.
चादरी खराब झाल्या, बाकी काही झालं नाही.

गोंबोरीचा घाट उतरून तिबिलिसीला मी अकरा वेळा गेले,
मिनीबसमध्ये, कधी मांडीवर कुणाची तरी कोंबडी.
रक्त दिलं. थायरॉइड ठीक.
नळ्यांत औषध सोडलं, पोटात कळ आली,
पडद्यावर दोन बारीक ओढे दिसले,
दोन्ही वाहते.
डॉक्टर लामाराने फाइल मिटली, चष्मा काढला,
"नवरा काय करतो?"
पाव भाजतो, मी म्हटलं.
मातीची भट्टी, विहिरीएवढी खोल,
तो कमरेपर्यंत आत वाकतो,
कणकेची होडी भिंतीवर थापतो,
दिवसातून तीनशे वेळा.
तिने पेन खाली ठेवलं.
"हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही."
तुम्ही विचारलं नाहीत, मी म्हटलं नाही.

दोन महिने तू आला नाहीस.
"माझ्या बापाने ह्याच भट्टीवर पाच पोरं काढली."
मग आलास, दाढी करून, लग्नाला निघाल्यासारखा.
अहवालात लिहिलं होतं: जिथे पंधरा हवेत तिथे चार.
"चार काय?"
दशलक्ष.
"चार दशलक्ष! कमी कसे? लागतो तर एक!"
लामारा हसली नाही. म्हणाली,
वाट लांब असते, बहुतेक मध्येच राहतात.
उष्णतेने असेल, नसेलही.
कधी कधी कारण सापडतच नाही.
तीन महिने आगीपासून लांब राहा,
नवं बीज तयार व्हायला तेवढे लागतातच.

घाटात बस थांबली तेव्हा तू खाली उतरलास,
माझ्याकडे पाठ करून उभा राहिलास.
मग म्हणालास, "म्हणजे इतकी वर्षं तुला..."
ते वाक्य मी पूर्ण केलं नाही.
चार वर्षं मी सगळ्यांचीच वाक्यं पूर्ण करत होते.

आता भट्टीवर तुझा पुतण्या तोर्निके.
कडा करपवतो, तू खिडकीशी सुटे पैसे मोजत चरफडतोस.
आईला सांगितलंस, पाठ धरलीय.
मला राग आला. महिनाभर गिळला.
परवा ती पुन्हा ती बाटली घेऊन आली,
माझ्यापुढे धरली,
आणि तू मध्येच हात घातलास.
"मला लागेल, आई."
ती तुझ्याकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे,
मग खुर्ची ओढून बसली, न बोलावता,
आणि म्हणाली, चहा टाक.
मी टाकला नाही. तू टाकलास.

आज एकसष्टावा दिवस.
बाहेर धुकं, केंद्रात नोंद करायला उशीर होणार.
तुझा हात पांघरुणाबाहेर पडलाय.
मनगटापासून कोपरापर्यंत,
जिथे मी तुला ओळखते तेव्हापासून
कातडी नुसती भाजलेली, गुळगुळीत,
तिथे लव आलीय. भुरकट, विरळ.
मी तिच्यावरून बोट फिरवलं, उलट्या दिशेने.
तू जागा झालास, काय, म्हणालास.
माझ्या तोंडात थर्मामीटर होता,
बोलता येत नव्हतं.
आकडा अजून यायचा होता.