गरम झाल्यावर

थंड असताना काही बोलत नाही.
सकाळी गल्लीतून निघून लक्ष्मी रस्त्यापर्यंत
तेलाचा दिवा विझलेला, शहाण्यासारखा.
स्वारगेटच्या सिग्नलला मात्र
लाल लुकलुकायला लागतो,
पाय जरा दाबला की परत गप्प.

नाना पेठेत इलाहीभाईंनी काडी ओढली,
पुसली, परत घातली. "तेल बरोबर आहे."
दोन बोटांत चोळून वास घेतला. "पेट्रोल उतरलेलं नाही."
मग दिव्याची वायर सोडवून तिथे
नळीचा पितळी गेज बसवला.
काटा चाळीसवर. आम्ही चहा घेतला.
इंजिन चालू होतं. काटा तीस. वीस.
दुसरा चहा येईपर्यंत आठ.
"दिवा खरं बोलतोय," ते म्हणाले, जणू माफी मागत.

मी खडकीच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं मापं तपासली,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर सह्या केल्या.
म्हटलं, पंप असेल.
"साहेब, पंप बिचारा देतो तेवढं देतो.
पुढे सांडतंय कुठे ते बघायचं."
आणि सोन्याला गाडीखाली धाडलं.

चेंबर उतरला. तळाशी काळा गाळ,
त्यात बोट फिरवलं तर चमचम,
चांदीसारखी नाही, तांबूस.
जाळी साफ. पंपाचे दाते ठीक.
बिग एंडची कॅप सुटली, अर्धं बेअरिंग हातात आलं:
राखी थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलेलं,
चपलेच्या टाचेसारखं, एका बाजूला जास्त.
मायक्रोमीटर मी घरून नेला होता.
क्रँकचं एकच जर्नल तीन ठिकाणी मोजलं,
तीन आकडे आले.

आता काही बघायचं उरलं नव्हतं.
तरी इलाहीभाईंनी, निव्वळ सवयीने,
रिलीफ व्हॉल्व्हचा नट सोडला.
बॉल. स्प्रिंग.
आणि स्प्रिंगमागून तळहातावर पडला
भोकाचा पैसा,
कडा घासलेल्या, मुकुट अर्धा शिल्लक.

सोन्या हसला. इलाहीभाई हसले नाहीत.
पेट्रोलच्या ताटलीत धुऊन, चष्मा कपाळावर चढवून
त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.
"ही माझी कानस. अब्बांच्या वेळची, दात तुटलेली.
बघा, फिरून फिरून तोच ओरखडा."

चौऱ्याहत्तर साल. तुमचे वडील, ड्रॉइंगचे मास्तर,
ह्याच स्टुलावर.
क्रँक घासायचा खर्च ऐकला
आणि म्हणाले, दिवाळीनंतर बघू.
मी एकोणीस वर्षांचा. पैसा घालून स्प्रिंग ताठ केली.
सांगितलं, चाळीसच्या वर नेऊ नका, मास्तर.
"दिवाळीनंतर आले नाहीत.
वाटलं, दुसरीकडे गेले."

दुसरीकडे नव्हते गेले.
कात्रजच्या घाटात एसटी पुढे जायची, ट्रक पुढे जायचे,
एकदा तर किटल्या लावलेला दूधवाला,
आणि आम्ही तिघं मागच्या सीटवरून ओरडायचो,
बाबा, बैलगाडी आली, बाजू द्या!
ते आरशात बघून हसायचे.
बोलू नका म्हणायचे. काच खाली ठेवायचे, थंडीतसुद्धा.
आम्हाला वाटायचं, वारा आवडतो.

क्रँक भोसरीला जाऊन आला.
वीस थाउचं बेअरिंग जुन्या बाजारात
दोन बुधवार मिळालं नाही, एका रविवारी मिळालं,
ट्रान्झिस्टरच्या ढिगाखाली, मेणकागदात.
आता गरम इंजिनावर काटा पस्तीस.

बिल इलाहीभाईंनी हाताने लिहिलं.
ग्राइंडिंग. बेअरिंग. गॅस्केट. तेल. मजुरी.
खाली रेघ, एकूण,
आणि एकूणच्याही खाली, बारीक अक्षरात:
वजा, एक पैसा.

मी विचारलं, तेव्हाचा की आजचा?
ते चिंधीला हात पुसत होते.