डावखुरी गाठ

फॉर्मवर तीन रकाने : माध्यम, आकार, किंमत.
माध्यमात मी लिहिलं, नायलॉन, सुतळी, थोडं मीठ.
मीठ खोडायला सांगितलं.

बेलापूर, सेक्टर अकरा, समाजमंदिराचा हॉल.
आदल्या रविवारी इथे वधूवर मेळावा होता,
जिन्यात त्याचा बाण अजून : वधू डावीकडे.
आम्ही डावीकडेच वळलो, बोचकी घेऊन.

मुरबाडच्या सुगंधा घावट यांचा अंबाडीचा दोर,
कशालाच न बांधलेला, नुसता वर चढणारा.
घणसोलीचे जीवशास्त्राचे सर, त्यांची क्रोशाची पेशी,
येईल त्याला सांगत : हात लावा, मरत नाही.
खारघरच्या एका पोराने चार्जरच्या वायरी विणल्यात,
शेजारी त्याची आई,
तिला वाटतंय, हे लवकर संपावं.

आणि स्टुलावर चढून, ओठांत दोन खिळे धरून, मी.
दिवाळ्याच्या जेटीमागे टाकून दिलेलं जाळं,
सहा वेळा धुतलेलं, बाल्कनीत वाळवलेलं
(सोसायटीची नोटीस आली. विषय : वास.)
मधोमध भलंमोठं भोक.
त्याच्या कडेनं मी लाल सूत फिरवलं
आणि कार्डावर छापून घेतलं, 'शीर्षक नाही'.

दोन दिवस लोक आले तसे गेले.
एकीने विचारलं, पडदा म्हणून चालेल का,
खिडकी साडेचार फुटांची आहे.
एकाने भोकातून मुलाचं डोकं बाहेर काढून फोटो घेतला.
गार चहावरची साय बोटाने बाजूला करत
मी टेम्पोच्या भाड्याचा हिशेब मांडत बसले.

तिसऱ्या दुपारी वीज गेलेली असताना
पदाजीबाबा आले, नातीच्या खांद्यावर हात ठेवून.
नातीला कॉलेजसाठी अहवाल लिहायचा होता.
बाबा दोराकडे नाहीत, पेशीकडे नाहीत,
सरळ जाळ्यापाशी.
चष्मा कपाळावर सारला,
आणि नाडी बघावी तशी
एक गाठ दोन बोटांत धरली.
मग शेजारची. मग खालची.
"यो चांगुणाचा हात हाय."

कोण?
"माजी बहीन. डावखुरी.
सगल्या गावाची गाठ अशी, हिची अशी."
हवेतच सुई चालवून दाखवली, दोन्ही बाजूंनी.

सहा महिने ते जाळं माझ्या घरात होतं.
मला वाटलं, तशी वीणच असते.
एका कार्यशाळेत मी बोललेही होते त्यावर,
उलट्या वळणाची लय, वगैरे.

नातीने फोन लावला.
उलव्याहून, एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदू परवाच काढलेला, चांगुणाबाई.
फोन जवळ, अजून जवळ, गाठीला टेकेपर्यंत.
तिकडून बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
मग : "भोक तसाच ठेवलाय?
येवरं सांधाया येत नाय तिला?"

हॉल हसला. मीही हसले.
बाबांनी विचारलं, हे लाल कशाला?
मी सुरुवात केली, अवकाश, कड, रिक्तता...
आणि ते शब्द तोंडात ओल्या कापसासारखे फुगले.
म्हटलं, फाटलेलं दिसावं म्हणून.
"ते तर दिसतंच हाय," बाबा म्हणाले,
आणि नातीला घेऊन वडापाव खायला गेले.

संध्याकाळी आयोजकांकडून पेन मागितलं.
कलाकार : माझं नाव. त्याखाली लिहिलं, चांगुणा.
कार्ड लॅमिनेट केलेलं, शाई धरेना,
दोनदा गिरवलं, दोन्हीदा बोटालाच आलं.

मग लाल सुताचं टोक उसवून
भोकाच्या काठाशी बसले,
डाव्या हाताने एक गाठ मारायला.
सुटली. परत सुटली.
पाचव्यांदा दातांनी आवळली, तर जाळं खारट लागलं,
सहा धुण्यांनंतरही.

शिपाई एकेक दिवा मालवत जवळ येत होता.
सहावी धरली असं वाटलं.
ओढून पाहिली नाही.