पेवाच्या तोंडाशी

हरिपूरला हळदीचं पेव उघडतात तेव्हा
आधी वरची माती खरवडतात, मग फरशी सरकवतात,
मग कोणी काहीच करत नाही.
लांब बसून विड्या ओढतात.
आत कोंडलेली हवा असते महिनोन्‌महिन्यांची,
तिला वर यायला वेळ लागतो, कधी सबंध दुपार.
मग दोराला कंदील बांधून खाली सोडतात.
पेटता राहिला तर माणूस.
विझला तर पुन्हा विडी.

मी एकतीस वर्षं वरच होतो, वही घेऊन.
खाली दस्तगीर मुजावर.
तोंड एवढंसं, पोट रुंद, वीस-पंचवीस फूट काळोख,
आणि त्या काळोखाला वास, लग्नघराचा.

त्या साली दिवाळीनंतर भाव चढला.
दस्तगीरची तहसीन मिरजेला दवाखान्यात होती,
नऊ वर्षांची, रक्ताचं काहीतरी.
तो सकाळी पेवात, रात्री तिच्या खाटेशी.
आवाज घुमत नाही तिथं, हळद पिऊन टाकते;
सपाट, कोरडा, त्याचा आवाज वर आला:
'दिवाणजी, पोरीनं कुणाचं काय वाईट केलंतं?'

तोंडावर कधी विचारलं नसतं त्यानं.
खाली चेहरा दिसत नव्हता, म्हणून.

माझ्याकडे उत्तरं होती.
मठात ऐकलेलं होतं, मागल्या जन्माचं देणं.
पण मी उधारीच्या वह्या लिहिणारा माणूस.
कर्ज कुणाचं, केव्हाचं, किती, अंगठा कुठाय,
एवढं दाखवल्याशिवाय आमचा सर्वात नीच व्यापारीही
वसुलीला जात नाही.
नऊ वर्षांच्या पोरीला कुणी दाखवली वही?

डॉक्टर म्हणाले होते, दुखणं हा इशारा असतो,
चटका बसला की हात मागं येतो.
बरोबर आहे.
तिचा हात फळीला बांधलेला होता, सलाईनसाठी.

आणि सोसल्यानं माणूस उजळतो म्हणतात.
हळदीचं तसं आहे खरं. उकडतात, वाळवतात,
ढोलात घालून घासतात, मग तो रंग.
हळदीला विचारलंय कुणी?

मी पेवात वाकून म्हणालो,
'किती झाली?'
बराच वेळ काही नाही.
मग, 'सव्वीस.'

वर पंचवीसच आली होती.
समोर थप्पी होती, मी दोनदा मोजली.
आणि वहीत सव्वीस लिहिलं.
संध्याकाळी शेठ ओरडले, एका पोत्याचे पैसे
माझ्या पगारातून गेले. जाऊ देत.
एकतीस वर्षांत तेवढी एकच चूक,
अजून आहे त्या पानावर, खोडलेली नाही.

पौषात तहसीन गेली.
आठव्या दिवशी दस्तगीर कामावर आला, काही बोलला नाही,
मीही दोर धरला, काही बोललो नाही.

नंतर कितीतरी वर्षांनी, चहा पिताना, त्यानंच सांगितलं:
नवा डॉक्टर राउंडला आला एका रात्री,
ह्याची नखं, पापण्या, कान, सगळं पिवळं.
पोरीला सोडून ह्यालाच म्हणाला,
कावीळ आहे तुम्हाला, आधी रक्त तपासा.
तहसीन एवढी हसली, एवढी हसली,
की सलाईनची सुई निघाली आणि नर्स रागावली.
सांगताना तोही हसत होता. डोळे पुसले,
हात हळदीचेच, मग डोळे चुरचुरले,
मग कशाचं पाणी कशाचं, कुणी विचारलं नाही.

पुढं पुराचं पाणी शिरलं, पेवं गेली.
माल आता थंड गोदामात असतो, बटणावर दिवा लागतो.
कंदील मी घरी आणलाय.

तो प्रश्न मी अजून खाली सोडून बघतो अधूनमधून.
विझतो.
वर ओढतो, काच पुसतो,
आणि थांबतो लांब बसून. विडी सुटली आता.
पेवाचा नियम लावून बघतोय, एवढंच;
तो इथं लागू आहे असं
मला कुणी सांगितलेलं नाही.