थेल्मा लाझारस, बाजू दुसरी, गाणं तिसरं

उन्हाळ्यात मी कूलर दुरुस्त करतो,
हिवाळ्यात मला कुणी विचारत नाही.
म्हणून जानेवारीत कॉटन मार्केटमागं
बारापात्रेच्या भंगारात बसून असतो,
तांबं वेगळं, पत्रा वेगळा.

तिथं सापडली.
पापडासारखी वाकलेली तबकडी,
खोक्याचा एक कोपरा उंदरांनी नेलेला,
उरलेल्या भागात एक बाई,
बॉबकट, ओठ मिटलेले.
जिनं गायचं तिचाच फोटो
तोंड मिटून का काढला असेल?
"घेऊन जा ना बावा," बारापात्रे म्हणाला,
"कोणी घेऊन नाही राहिलं.
इंग्लिश गाणं हाये. रडून राहिली ते बाई."

रडत नव्हती.
घरी सुई टेकवली तेव्हा कळलं,
थांबत होती.
शब्दाच्या जरा अलीकडं थांबायची,
तबलजी असता तर समेवरून पुढं गेला असता,
आणि मग, काही झालंच नाही अशी
मागच्या दारानं आत.

खोक्यामागं बारीक अक्षरात लिहिलंय,
गायिका दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असते.
दिवसभर दोन माणसं जोडून द्यायची
आणि मधून आपण निघून जायचं.
गळ्यालाही तीच सवय लागली असणार.
प्रती तीनशे.
खपल्या किती, ते कुणी छापत नसतं.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधलं, रात्रीचं.
अर्ध्यात शिट्टी येते.
मोतीबागेकडून, छोट्या लाइनची.
दुसरी कुणी असती तर पुन्हा पहिल्यापासून गायली असती.
हॉलचं भाडं बाराला संपत असेल.
ही सूर धरून उभी राहते,
फाटकाशी सायकल धरून उभं राहावं तशी,
सगळे डबे जाऊ देते,
आणि शिट्टी जिथं विरली
तिथूनच पुढची ओळ उचलते.

मुलगी म्हणाली, बाबा, ह्याला ब्लूज म्हणतात.
निळं म्हणजे त्यांच्या भाषेत उदास.
मी म्हटलं, आपल्या इंदोऱ्यात निळं म्हणजे
ताठ मान.
ती म्हणाली, ज्यांनी ही गाणी काढली
त्यांचे पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते.

मग मी ते पुन्हा लावलं.
उदास होतंच.
पण मान खाली नव्हती.

खोक्यावर अगदी शेवटी,
उंदरांच्या दातांपासून बोटभर अंतरावर,
आणखी एक नाव होतं.
बास: डी. टेंभुर्णे.
डी म्हणजे कोण, दौलत, देवाजी, धनपाल?
आमच्या गल्लीत टेंभुर्ण्यांची चार घरं.
चारही दारं वाजवली.
तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली,
होता एक, शेडमध्ये फिटर,
रात्री उशिरा यायचा
उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधून.
आम्हाले वाटे मशीनमंधी सापडली बोटं.
नाव? सारे फिटरच म्हणत.

एवढंच मिळालं.

आता मे महिना. पारा शेहेचाळीस.
दिवसभर लोकांच्या मोटारी बांधून येतो
आणि रात्री घरचा कूलर बंद करतो,
कारण कूलरच्या घरघरीत बास ऐकू येत नाही.
उन्हानं तबकडी आणखी वाकली,
सुई चढते, उतरते,
खाली दोन चिंध्या बांधलेली बोटं चालत राहतात
सावकाश, कुठं पोचायची घाई नसल्यासारखी.
ती छोटी लाइन कधीच बंद पडली.
आतून बायको ओरडते,
"कूलर काऊन बंद केला? जीव जाऊन राहिला ना!"

थांब, म्हणतो मी,
गाडी जाऊ दे.